'केदार म्हणजे राहणे' : स्पॅनिशमधील एका नेहमीच्या बिघाडाची तपासणी आणि दुरुस्ती

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या वहीत पहिल्या दोन महिन्यांतच एक ओळ उमटते : 'केदार = राहणे'. आपल्याकडच्या केदार या नावाशी उच्चार इतका जुळतो की हे क्रियापद कोणालाही दुसऱ्यांदा पाठ करावे लागत नाही. फरक एवढाच की स्पॅनिशमध्ये जोर 'दार'वर पडतो. ती ओळ खोटी नाही, पण अपुरी आहे. गेली बारा वर्षे मी पुण्यात प्रौढ विद्यार्थ्यांना ही भाषा शिकवते आहे, आणि या क्रियापदाच्या चुकांचा माग काढत गेले की बहुतेक वेळा शेवटी वहीतील त्याच ओळीपाशी येऊन पोचते. चुका करणारे विद्यार्थी आळशी नसतात. उलट, जे मनात मराठी वाक्य नीट जुळवून मग स्पॅनिशमध्ये बोलतात, त्यांच्याकडूनच ही चूक अधिक होते, आणि म्हणून तिच्या दुरुस्तीची सुरुवातही मराठीपासूनच करावी लागते.

पुढील सर्व स्पॅनिश शब्द मी नागरीत, लॅटिन अमेरिकेतील उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. स्पेनच्या मोठ्या भागात जेथे 'थ'सारखा ध्वनी ऐकू येतो, तेथे या लेखात 'स' आढळेल. 'ब' आणि 'व' यांसाठी स्पॅनिश लिपीत वेगळी अक्षरे असली तरी उच्चार एकच आहे, म्हणून दोन्ही ठिकाणी 'ब' लिहिला आहे.

लक्षणे

सर्वांत ठळक लक्षण राहण्याचा पत्ता सांगताना दिसते. एका विद्यार्थिनीची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. माद्रिदहून बोलणाऱ्या बाईंनी 'दोन्दे बिबेस?', म्हणजे 'कुठे राहतेस?', असे विचारले आणि तिने आत्मविश्वासाने 'मे केदो एन पुणे' असे उत्तर दिले. बाई क्षणभर थांबल्या आणि मग त्यांनी सौम्यपणे विचारले, 'इ आस्ता क्वान्दो?', म्हणजे 'आणि कधीपर्यंत?'. जन्मापासून कोथरूडमध्ये राहिलेल्या मुलीला हा प्रश्न का आला, तेच समजेना. तिच्या वाक्यातील एकही शब्द चुकलेला नव्हता, परंतु ऐकणाऱ्या बाईंना त्यातून 'मी तूर्त पुण्यातच थांबते आहे' असा अर्थ मिळाला होता.

दुसरे लक्षण हिशेबात दिसते. 'माझ्याकडे दोन युरो राहिले आहेत' हे सांगण्यासाठी विद्यार्थी 'यो केदो दोस एउरोस' म्हणतो आणि समोरचा माणूस प्रश्नार्थक चेहऱ्याने पाहत राहतो. तिसरे लक्षण भेटीगाठी ठरवताना आढळते : 'आज संध्याकाळी मी आनाला भेटणार आहे' असे सांगायचे असते, तोंडून 'मे केदो कोन आना' निघते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की हिने दोघींतून आनाची निवड केली आहे किंवा ही आनाच्या सोबतीला मागे थांबणार आहे. चौथे लक्षण वाचनातील आहे. फलकावर 'केदा प्रोइबिदो फुमार' असे लिहिलेले असते आणि भाषांतराच्या वहीत 'धूम्रपान निषिद्ध राहते' असे वाक्य उतरते, जे मराठीत कोणीही म्हणत नाही.

पाचवे लक्षण सहजासहजी दिसत नाही, पण मला ते सर्वांत चिंतेचे वाटते. चार-पाच वेळा फजिती झाल्यावर विद्यार्थी हे क्रियापद वापरणेच सोडून देतो. उरलेल्या पैशांसाठी 'असणे', सदरा शोभण्यासाठी 'चांगला आहे', भेट ठरवण्यासाठी 'पाहणे' असे वळसे घेऊन तो काम भागवतो. वाक्ये शुद्ध असतात, परीक्षेत गुणही मिळतात, पण स्पॅनिश माणूस दिवसातून वीस वेळा जे क्रियापद बोलतो ते त्याच्या तोंडी एकदाही येत नाही. विद्यार्थ्याच्या पंधरा मिनिटांच्या बोलण्यात 'केदार' मुळीच ऐकू आला नाही, तर बिघाड आहे असेच धरून मी पुढील तपासण्या सुरू करते.

पहिली तपासणी : मराठी वाक्यातील 'राहणे' बदलून पाहणे

हिला पाच सेकंद लागतात आणि पुस्तकही उघडावे लागत नाही, म्हणून ती सर्वांत आधी करावी. मनातील मराठी वाक्यात 'राहणे' आले की त्या जागी दुसरे क्रियापद बसते का ते पाहावे. 'उरणे' किंवा 'बाकी असणे' बसत असेल तर 'केदार' योग्य आहे. 'न जाता थांबणे' बसत असेल तर 'केदार्से', म्हणजे 'से' जोडलेले 'केदार', योग्य आहे (हा 'से' 'मी'बरोबर 'मे' आणि 'तू'बरोबर 'ते' होतो). 'वास्तव्य असणे' बसत असेल तर 'बिबिर' हवे. 'चालू ठेवणे' बसत असेल तर 'सेगिर' हवे. कोथरूडच्या त्या मुलीने 'माझे पुण्यात वास्तव्य आहे' असे मनात म्हणून पाहिले असते, तर 'बिबो एन पुणे' हे उत्तर आपोआप आले असते.

ही तपासणी इतकी परिणामकारक ठरते याचे कारण आपल्या 'राहणे'मध्ये आहे. या एका क्रियापदावर मराठीने फार ओझे टाकले आहे. आपण घरात राहतो, उपाशी राहतो, हजर राहतो, दुसऱ्यावर अवलंबून राहतो, निवडणुकीला उभे राहतो, एखादे काम करायचे राहून जाते आणि एखादी गोष्ट लक्षात राहते. स्पॅनिशने यांतील प्रत्येक ओझे वेगवेगळ्या खांद्यांवर दिले आहे : हजर राहण्यासाठी 'आसिस्तिर', अवलंबून राहण्यासाठी 'देपेन्देर', निवडणुकीला उभे राहण्यासाठी 'प्रेसेन्तार्से'. साधे 'उभे राहणे'ही दोन प्रकारचे आहे. बसलेला माणूस उठून उभा राहिला तर 'से पुसो दे पिए', आणि जागा न मिळाल्यामुळे तो उभाच राहिला तर 'से केदो दे पिए'. मराठीत हा भेद 'च' या एका अक्षरावर तोललेला आहे, आणि वाक्यात 'च' घालून पाहणे ही या तपासणीतील माझी आवडती युक्ती आहे. 'मी घरीच राहिले' यातील 'च' नैसर्गिक वाटतो, म्हणून 'मे केदे एन कासा'. स्पेनमध्ये १४ मार्च २०२० रोजी आणीबाणीसदृश स्थिती जाहीर झाल्यानंतर जे आवाहन घरोघरी पोचले ते 'केदाते एन कासा' हेच होते, कारण त्याचा अर्थ घरात वास्तव्य करा असा नसून बाहेर न पडता घरीच थांबा असा होता.

या बिघाडाला आपल्याकडच्या इंग्रजीचीही फूस आहे. पुण्या-मुंबईत 'आय स्टे इन कोथरूड' असे सर्रास म्हटले जाते, आणि शब्दकोशात 'स्टे'समोर 'केदार्से' सापडले की विद्यार्थ्याची खात्रीच पटते. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही वाटा एकाच खड्ड्याकडे नेत असल्यामुळे ही चूक नुसती एकदा सांगून जात नाही.

'राहू दे' या शब्दप्रयोगाची तपासणी मात्र वेगळी करावी. दुकानदाराला 'सुटे राहू द्या' म्हणायचे असेल तर 'केदेसे कोन एल काम्बिओ', म्हणजे ते तुमच्याकडेच ठेवा. येथे 'केदार्से' चालते. वाद मिटवताना 'जाऊ दे, राहू दे' म्हणायचे असेल तर 'देखालो' म्हणावे. येथे 'केदार'चा काहीही संबंध नाही.

या सर्वांच्या मुळाशी काय आहे ते एकदा समजून घेतले की पुढच्या तपासण्या सोप्या होतात. 'केदार' हा लॅटिनमधील 'क्विएतारे' या क्रियापदापासून आला आहे, आणि त्याचा अर्थ शांत करणे, विसावणे असा होता. काहीतरी हलले, संपले, बदलले किंवा ठरले, आणि ती हालचाल थांबल्यावर जे शिल्लक उरले किंवा जी स्थिती झाली, ती हे क्रियापद सांगते. पैसे खर्च झाले आणि दोन युरो उरले. सगळे गेले आणि मी घरी थांबले. सदरा अंगात घातला आणि तो सैल झाला. चर्चा झाली आणि आठची वेळ ठरली. म्हणून वाक्य बोलण्यापूर्वी स्वतःला विचारावे : या आधी काय घडून गेले? उत्तर मिळाले नाही तर बहुधा 'केदार' नको आहे. स्थान सांगण्याचा उपयोग तेवढा या चौकटीत बसत नाही. 'ला एस्तासिओन केदा लेखोस', म्हणजे स्टेशन लांब आहे, या वाक्यात आधी काहीच घडलेले नसते. तो उपयोग वेगळा लक्षात ठेवावा, आणि तो इमारत, गाव, रस्ता अशा न हलणाऱ्या गोष्टींपुरताच आहे हेही ध्यानात घ्यावे. 'दोन्दे केदा एल बान्यो?' असे स्वच्छतागृहाबद्दल विचारता येते. हरवलेल्या मित्राबद्दल किंवा चष्म्याबद्दल विचारायचे असेल तर 'दोन्दे एस्ता' म्हणावे लागते.

दुसरी तपासणी : कर्ता कोण आहे

पहिली तपासणी उत्तीर्ण होऊनही वाक्य अडत असेल तर कर्ता पाहावा. 'यो केदो दोस एउरोस' या वाक्यात विद्यार्थ्याने 'मी'ला कर्ता केले आहे, परंतु उरले आहेत ते युरो. शुद्ध वाक्य 'मे केदान दोस एउरोस' असे आहे. युरो एकच असेल तर 'मे केदा उन एउरो'. क्रियापद वस्तूच्या वचनाप्रमाणे बदलते आणि माणूस 'मला' या रूपात बाजूला उभा असतो.

येथे मराठी माणसाने मुळात चुकायलाच नको, असे मला नेहमी वाटते. 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' ही रचना आपण लहानपणापासून बोलतो, आणि 'माझ्याकडे एक रुपया राहिला, दोन रुपये राहिले' यातही क्रियापद रुपयांच्याच मागे जाते. चूक होते ती आपण या ठिकाणी मराठी सोडून इंग्रजीतून विचार करतो म्हणून. मनात इंग्रजीतले 'आय हॅव' आले की 'यो' आलाच. त्यामुळे विद्यार्थ्याने मराठीत विचार करणे सोडावे, असा जो सल्ला काही वर्गांत दिला जातो, तो या क्रियापदाच्या बाबतीत मला मान्य नाही. येथे मराठीच योग्य रस्ता दाखवते, आणि तो रस्ता केवळ पैशांपुरता नाही. 'दोन पाने वाचायची राहिली आहेत' याचे 'केदान दोस पाखिनास पोर लेएर' असे शब्दाला शब्द लावल्यासारखे रूपांतर होते. 'माझे पुस्तक घरी राहिले' या वाक्यात जसा आपण दोष स्वतःवर न घेता पुस्तकालाच कर्ता करतो, तसेच 'से मे केदो एल लिब्रो एन कासा' हे स्पॅनिश वाक्यही करते. ही जोडी मी वर्गात फळ्यावर एकाखाली एक लिहिते, आणि त्यानंतर कोणालाही ती पुन्हा समजावून सांगावी लागत नाही.

कपड्यांचेही असेच आहे. 'ते केदा बिएन' म्हणजे तुला हे छान दिसते. बूट मोठे होत असतील तर 'ते केदान ग्रान्देस'. स्वयंपाकघरात याचाच एक सुंदर उपयोग ऐकू येतो : 'ते केदो रिका ला सोपा', म्हणजे तुझे सूप छान झाले आहे. सूप कर्ता आहे, आणि करणारी व्यक्ती 'तुला' या रूपात तिच्या मेहनतीसह वाक्यात हजर आहे.

तिसरी तपासणी : जोर कोठे पडतो

ही तपासणी छोटी आहे. 'केदो' या रूपात 'के'वर जोर दिला तर मी (आत्ता) राहतो असा अर्थ होतो आणि 'दो'वर जोर दिला तर तो राहिला असा होतो. लिहिताना स्पॅनिश लिपीत शेवटच्या स्वरावर छोटी तिरपी रेघ येते. ती विसरली तर काळ आणि पुरुष दोन्ही बदलतात. 'केदामोस' मात्र वर्तमानात आणि भूतकाळात अगदी सारखेच असते, त्यामुळे 'केदामोस आ लास ओचो' म्हणजे 'आठला भेटू या' की 'आठला भेटायचे ठरले होते', हे संदर्भावरूनच ओळखावे लागते. येथे तुमचे काही चुकत नाही. स्पॅनिश माणसालाही संदर्भच लागतो.

चौथी तपासणी : 'से' लागला आहे का, आणि पुढे कोणता शब्द आला आहे

या दोन गोष्टी मी एकत्रच तपासते, कारण एकटी तपासली तर अर्धेच उत्तर मिळते. ढोबळ नियम असा की वस्तू उरते तेव्हा 'से' नको, माणूस जागेवर थांबतो तेव्हा 'से' हवा. 'केदा पान' म्हणजे पाव शिल्लक आहे. 'से केदा पेद्रो' म्हणजे पेद्रो जात नाही, तो थांबतो आहे. पण पुढे 'कोन' आला की 'से'मुळे अर्थ पूर्ण फिरतो. 'केदार कोन' म्हणजे कोणाशी भेट ठरवणे, आणि 'केदार्से कोन' म्हणजे एखादी वस्तू स्वतःकडे ठेवणे किंवा अनेकांतून ती निवडणे. म्हणून दुकानात तीन शाली पाहून झाल्यावर 'मे केदो कोन एस्ता', म्हणजे 'हीच घेते', हे अगदी बरोबर आहे; संध्याकाळच्या भेटीबद्दल सांगताना मात्र 'से'शिवाय 'केदो कोन आना' म्हणायचे असते. वर सांगितलेल्या तिसऱ्या लक्षणाचा उलगडा येथे होतो.

'एन' या शब्दाचेही दोन प्रकार आहेत. त्याच्या पुढे जागा आली तर भेटीचे ठिकाण : 'केदामोस एन ला पुएर्ता देल सोल'. माद्रिदच्या या चौकात अस्वल आणि माद्रोन्योच्या झाडाचा पुतळा आहे आणि असंख्य लोक तेथेच भेटायचे ठरवतात, त्यामुळे हे वाक्य त्या शहरात रोज बोलले जात असणार. 'एन'पुढे क्रियापद आले तर ठराव : 'केदामोस एन बेर्नोस एल लुनेस', म्हणजे सोमवारी भेटायचे असे आमचे ठरले. 'सिन' आला तर संपणे : 'मे केदे सिन बातेरिआ', फोनची बॅटरी संपली. 'पोर' आला तर करायचे राहिलेले काम, ज्याचे उदाहरण वर येऊन गेले आहे.

ही तपासणी आधीच्या तपासण्यांपेक्षा महाग आहे, कारण ती विचार करून बोलता बोलता साधत नाही. कानाला सवय व्हावी लागते. माझा अनुभव असा की नुसते क्रियापद पाठ केलेल्या विद्यार्थ्याला ती कधीच जमत नाही. 'केदार कोन', 'केदार एन', 'केदार्से सिन' अशा जोड्या एकेका पूर्ण वाक्यासह कागदाच्या वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहाव्यात, आणि वहीतील 'केदार = राहणे' ही ओळ मी विद्यार्थ्याकडून त्याच्या हाताने खोडून घेते.

पाचवी तपासणी : 'झाला' म्हणायचे असताना

मराठीत माणूस आंधळा होतो, लाल होतो, डॉक्टर होतो आणि वेडा होतो. सगळीकडे 'होणे' एकच. स्पॅनिश येथे चार वेगळी क्रियापदे वापरते. 'से केदो सिएगो', तो आंधळा झाला. 'से पुसो रोखो', तो लाजून लाल झाला. 'से इसो मेदिको', तो डॉक्टर झाला. 'से बोल्बिओ लोको', तो वेडा झाला. क्षणिक बदलासाठी पहिले नव्हे तर दुसरे, म्हणजे 'पोनेर्से', वापरतात. प्रयत्नाने मिळवलेल्या गोष्टीसाठी 'आसेर्से', आणि स्वभाव किंवा वृत्ती पालटली तर 'बोल्बेर्से'.

'केदार्से'च्या वाट्याला बहुधा काहीतरी गमावल्यानंतरची किंवा हालचाल थांबल्यानंतरची स्थिती येते : दृष्टी गेली, केस गेले (काल्बो), जोडीदार गेला (बिउदो), आवाज थांबला (कायादो), जाग गेली आणि डोळा लागला (दोर्मिदो). वर विचारलेला 'या आधी काय घडून गेले?' हाच प्रश्न येथेही लागू पडतो. आनंदाच्या बातमीतही हे क्रियापद येते, आणि तेथे मराठीशी जुळणारे एक साम्य मला फार आवडते. 'तिला दिवस राहिले' यासाठी स्पेनमध्ये 'से केदो एम्बारासादा' म्हणतात. दोन्ही भाषांनी या प्रसंगासाठी 'राहणे'च निवडले आहे; फक्त आपल्याकडे दिवस कर्ता आहेत आणि तिकडे स्त्री कर्ता आहे.

निर्जीव वस्तूंसाठी 'से' बहुधा लागत नाही. अपघातानंतर गाडीचा चुराडा झाला तर 'एल कोचे केदो देस्त्रोसादो'. लॅटिन अमेरिकेत माणसांच्या बाबतीतही 'से' अनेकदा गळतो, त्यामुळे 'केदो सिएगो' ऐकले तर ती चूक मानू नये.

सहावी तपासणी : '–त राहिला' हे रूप

'तो बोलत राहिला' आणि 'मी वाट पाहत राहिले' ही वाक्ये मराठीत एकाच साच्यातील आहेत. स्पॅनिशमध्ये पहिले 'सिगिओ आब्लान्दो' आहे, कारण क्रिया न थांबता पुढे चालू आहे. दुसरे 'मे केदे एस्पेरान्दो' आहे, कारण इतर सारे निघून गेले, कोणी आले नाही, आणि मी त्या जागी त्या स्थितीत थिजून उरले. 'से केदो आब्लान्दो' हेही शुद्ध वाक्य आहे, पण त्याचा अर्थ बाकीचे निघाले तरी तो मागे थांबून बोलत होता असा होतो. चूक व्याकरणाची नसून चित्राची असल्यामुळे शिक्षकही ती अनेकदा सोडून देतात, आणि म्हणूनच ती विद्यार्थ्याबरोबर वरच्या पातळीपर्यंत जाते. वाक्य बोलण्यापूर्वी डोळ्यांसमोर चित्र आणावे : माणूस पुढे जातो आहे की मागे उरला आहे?

सातवी तपासणी : ऐकणारा कोणत्या देशातला आहे

ही सर्वांत अवघड तपासणी आहे, कारण येथे नियम नाही. नुसता परिचयच लागतो. स्पॅनिश २० देशांत अधिकृत भाषा आहे आणि 'केदार' सगळीकडे सारख्या अर्थाने वापरला जात नाही. 'केदामोस?' म्हणजे 'भेटू या का?' हा स्पेनमधील उपयोग आहे. मेक्सिकोतल्या मैत्रिणीला हेच विचारले तर ती पुढचा शब्द ऐकण्यासाठी थांबेल. तिकडे 'नोस बेमोस' म्हणणे अधिक बरे. ठरावासाठी मेक्सिको, कोलंबिया, चिली या देशांत 'केदार एन'ऐवजी 'केदार दे' ऐकू येते. जागेबद्दल विचारताना 'दोन्दे केदा' हे लॅटिन अमेरिकेत फार रुळलेले आहे. पश्चिम स्पेनच्या काही भागांत, उदाहरणार्थ एक्स्त्रेमादुरात, 'केदे लास याबेस एन कासा', म्हणजे 'मी किल्ल्या घरी ठेवल्या', असेही बोलतात. तेथे तो घरगुती बोलीचा भाग आहे, पण प्रमाण लेखनात आणि परीक्षेत 'देखे' लिहावे. तेथील कुटुंबात राहून आलेला विद्यार्थी ही लकब उचलून आणतो तेव्हा मी ती खोडत नाही, फक्त कोठे बोलायची ते सांगते.

थांबावे कधी

वरील तपासण्या घरी, मित्राबरोबर किंवा एकट्याने करता येतात. सहा आठवडे प्रामाणिकपणे करूनही पहिली किंवा दुसरी चूक तशीच होत असेल, तर आणखी पुस्तके विकत घेऊ नयेत. चूक आता सवयीत मुरली आहे, आणि बोलताना त्याच क्षणी थांबवणारा माणूस समोर असल्याशिवाय ती निघत नाही. अशा वेळी शिक्षकाबरोबर समोरासमोर पाच-सहा तासिका घेणे स्वस्त पडते. 'देले' या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या तोंडी भागाची तयारी करणाऱ्यांनी तर आधीच घ्याव्यात. ही प्रमाणपत्रे १९९१ साली स्थापन झालेली स्पेनची 'इन्स्तितुतो सेर्बान्तेस' ही संस्था देते, आणि तिचे केंद्र नवी दिल्लीत आहे.

वैद्यकीय कागद आणि दवाखान्यातील बोलणे यांत स्वतः अर्थ लावू नये. 'केदो' या शब्दानंतर आलेले विशेषण कायमची स्थिती सांगते की काही काळाची, यावर पुढचे उपचार अवलंबून असू शकतात. तेथे दुभाषाच मागावा.

कायद्याच्या भाषेत हे क्रियापद आणखी वेगळे वागते. 'केदा प्रोइबिदो' म्हणजे 'मनाई करण्यात येत आहे', 'केदान देरोगादास' म्हणजे 'या तरतुदी रद्द करण्यात येत आहेत'; तेथे 'केदार' स्थितीचे वर्णन करत नाही, तर त्या वाक्यानेच ती स्थिती अस्तित्वात येते. असे कागद अधिकृतपणे सादर करायचे असतील तर 'त्रादुक्तोर खुरादो', म्हणजे स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेला शपथबद्ध अनुवादक लागतो. त्यांची यादी मंत्रालय प्रसिद्ध करते.

शिक्षणासाठी स्पेनला जाणारे विद्यार्थी मला घराचा भाडेकरार दाखवायला आणतात. तेथील १९९४च्या भाडे कायद्यानुसार राहत्या घरासाठी एका महिन्याच्या भाड्याइतकी अनामत, म्हणजे 'फिआन्सा', द्यावी लागते. एका करारात 'ला फिआन्सा केदारा एन पोदेर देल आर्रेन्दादोर' असे असते, म्हणजे अनामत घरमालकाच्या ताब्यात राहील. दुसऱ्या करारात, घर वेळेआधी सोडल्यास, 'एल आर्रेन्दादोर से केदारा कोन ला फिआन्सा' असे असते, म्हणजे घरमालक ती स्वतःच ठेवून घेईल. पहिल्या वाक्यातील पैसे परत मिळण्याचे आहेत, दुसऱ्यातील नाहीत. या दोन वाक्यांतील फरक मी विद्यार्थ्याला दाखवते, पण करारावर सही करायची की नाही हे मी सांगत नाही. तो कागद मी स्पेनमधील वकिलाकडे किंवा शपथबद्ध अनुवादकाकडे पाठवायला लावते, आणि उत्तर येईपर्यंत पैसे भरू देत नाही.